पालथं मडकं आणि वालाचं शेत

हा अंक हाती येईल तेव्हा पेण आणि रोहा तालुक्यांतली भातं कापणीला आलेली असतील. काही शिवारांत भारे खळ्यावर पोचले असतील, काही ठिकाणी परतीच्या पावसानं आडवं केलेलं पीक माणसं उचलून वाळवत असतील. वालाचं बियाणं अजून राख चोळून घरातच असेल. भात निघून जमीन वाफशावर आली की ते बाहेर पडेल. जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात गावोगाव पोपटी लागते, तिचं काम खरं तर याच दिवसांत सुरू होतं.

अलिबाग, पेण, रोहा, मुरुड, माणगाव या पट्ट्यात पोपटी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बाकीच्या महाराष्ट्रासाठी थोडक्यात सांगतो. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या भरलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी थरांनी भरायची. तोंड पाल्यानंच गच्च बंद करायचं, मडकं जमिनीवर पालथं ठेवायचं आणि त्याच्या चारी अंगांनी जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही, तेलाचाही नाही. अर्ध्या-पाऊण तासानं मडकं उलटं करून जे बाहेर पडतं, ते तिथेच शेतात बसून हातानं खायचं. देशावर ज्वारीचा हुरडा आहे, तशी आमच्याकडे पोपटी. फरक एवढाच की हुरडा दिवसाउजेडी खातात आणि पोपटीला रात्र लागते, थंडी लागते.

गेल्या काही वर्षांत पोपटीवर भरपूर लिहिलं गेलं. तिचे व्हिडिओ निघाले, तिच्या नावानं कविसंमेलनं भरू लागली, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या फार्महाउसवर आणि अलिबागच्या रिसॉर्टांत शनिवार-रविवारची पोपटी पाहुण्यांना मिळू लागली. त्यात वाईट काही नाही. पण हे सगळं लेखन मडक्यापाशी सुरू होतं आणि मडक्यापाशीच संपतं. मला वाटतं, पोपटी निव्वळ पाककृती म्हणून टिकणार नाही. ती टिकली तर वालाच्या शेताबरोबरच टिकेल, आणि ते शेत आज अडचणीत आहे.

आधी जमीन पाहू. पेण तालुक्याच्या खाडीकडच्या अंगाला खारेपाट आहे. भरतीच्या पाण्याला बांध घालून माणसांनी मिळवलेली ही जमीन. पावसाळ्यात गोड्या पाण्यानं क्षार धुऊन निघतात, तेवढ्या अवधीत भाताचं एक पीक येतं. पाऊस सरला की मीठ पुन्हा वर चढतं. या जमिनीत तग धरतील अशा भाताच्या जाती शोधायला पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र उभं राहिलं, ते या पट्ट्याच्या गरजेतूनच. इथं हिवाळ्यात वाल उभा राहत नाही. खारेपाटानं आपली भरपाई तळ्यांतून केली. घराजवळच्या तळ्यात जिताडा मासा वाढवायचा, तो मोठा झाला की मानाच्या पाहुण्याला वाढायचा, ही तिथली रीत. जिताड्यावर वेगळा लेख व्हायला हवा, इथं तो आवरता घेतो.

खाडी सोडून डोंगराच्या पायथ्याकडे सरकलं की गोडी जमीन लागते. वालाची खरी जागा ही. भात निघालं की नोव्हेंबरात हलकी नांगरट करून नाहीतर ओळीत टोकून बी पेरतात. पुढं पाणी देत नाहीत. जमिनीत उरलेली अंगओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर वेल फुटतो, जमिनीलगत पसरतो, फुलतो. जानेवारीच्या मध्याला शेंगा हाताला लागू लागतात. फुलोऱ्यात ढगाळ हवा राहिली की मावा पडतो, शेंगा पोखरणारी अळी येते. थंडी खणखणीत पडली तर पीक चांगलं. पोपटीला थंडी लागते असं जे म्हणतात ते शेकोटीच्या गमतीसाठी नाही, मुळात वालालाच थंडी लागते.

रोह्याकडे कुंडलिकेच्या खोऱ्यात आणखी एक गोष्ट दिसते. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी कोलाडजवळ डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडवलं आणि कालव्यांनी शेतांत नेलं. कालवा ज्यांच्या बांधाशी आला ते उन्हाळी भात करू लागले, आणि ते योग्यच केलं. पण भाताला चिखल हवा आणि वालाच्या मुळाशी पाणी साचलं की वेल पिवळा पडतो. म्हणजे कालव्याखालच्या जमिनीत वालाला जागा उरत नाही. कालव्याचं पाणी जिथं पोचत नाही त्या वरकड पट्ट्यात तो उरला. त्या शेतकऱ्याला हिवाळ्यात फुकटात मिळणारं दुसरं पीक तेवढंच.

आणि हे पीक एकट्यानं घेता येत नाही. भात निघालं की गुरं मोकळी सोडायची ही कोकणातली जुनी सवय. पूर्वी सगळं शिवार वालानं हिरवं असायचं तेव्हा गुरांना गुराखी असे, राखण वाटून घेतलेली असे. आता दहातल्या आठ जणांनी पेरणं सोडलं की उरलेल्या दोघांच्या वालात रात्री गुरं शिरतात. कुंपण घालावं तर वालाच्या उत्पन्नात कुंपणाचा खर्च निघत नाही. मग ते दोघंही पुढच्या वर्षी सोडून देतात. रोह्याच्या आणि पेणच्या गावांत शेतकऱ्यांशी बोलताना मला वाल बंद होण्याचं कारण म्हणून सगळ्यात आधी हेच सांगितलं गेलं. पाऊस, अळी, भाव हे त्यानंतर आलं.

वालाइतकीच गरज भांबुर्ड्याची. भात कापल्यावर रिकाम्या शेतात, बांधांवर, वाटेकडेला हे झुडूप आपोआप उगवतं. गुडघ्याएवढं, पानं मऊ लवेची, फुलं पिवळी, वास उग्र आणि थोडा कापरासारखा. वनस्पतिशास्त्रात ते सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याची लागवड कुणी करत नाही. नुसती पानं चुरडून हुंगली तर हे अन्नाला लावायचं असं कुणाच्या मनातही येणार नाही. वाफेत मात्र तो उग्रपणा मवाळ होतो आणि शेंगेच्या सालीतून दाण्यापर्यंत उतरतो. भांबुर्ड्याशिवाय केलेली पोपटी खाल्ली की उकडलेल्या शेंगा खाल्ल्यासारखं वाटतं. हिवाळ्यात आता बाजारात शेंगांच्या शेजारी भांबुर्ड्याच्या जुड्याही विकायला दिसतात. जे बांधावर फुकट मिळत होतं त्याला किंमत आली, याचा अर्थ बांध कमी झाले.

रोह्याजवळच्या एका गावात मी पोपटी लावताना शेवटपर्यंत थांबलो. शेताच्या मालकांना सगळे काका म्हणत होते. संध्याकाळी शेंगा तोडायला बायका आणि पोरं शेतात उतरली तेव्हा काकांनी बांधालगतच्या काही ओळींना हात लावू दिला नाही. त्या बियाण्याच्या ओळी. शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या आणि मग काढायच्या. कृषी विद्यापीठानं काढलेल्या वालाच्या जाती मिळतात, दापोलीचं काम चांगलं आहे, पण पोपटीला घरचाच वाल लागतो असं काकूंचं मत. दाणा भरलेला, पण साल अजून हिरवी, वाकवली तर मोडणारी, अशी शेंग त्या निवडत होत्या. फार कोवळी शेंग मडक्यात आकसून जाते, जून शेंग चिवट राहते. जून झालेल्या शेंगांचे दाणे वाळवून पुढे वर्षभर बिरड्याला होतात. रोह्यातल्या कायस्थ प्रभूंच्या घरातलं नारळाच्या रसातलं बिरडं हे याच शेताचं पावसाळ्यातलं रूप.

मडकं जुनं होतं, बाहेरून काळं पडलेलं. नवं मडकं पहिल्या जाळात तडकण्याची भीती असते, म्हणून घरोघर पोपटीचं म्हणून एक मडकं राखून ठेवतात. तळाला भांबुर्ड्याची जाड गादी घातली. शेंगा पाण्यानं हलक्या धुऊन निथळल्या होत्या. त्यांना खडे मीठ आणि ओवा चोळला. ओवा वालाला लागतोच, एक तर चवीला आणि दुसरं म्हणजे वाल वातूळ. शेंगांचा एक थर, त्यावर सालीसकट बटाटे आणि रताळ्यांचे तुकडे, कणगर मिळाली होती तीही. कोंबडीला आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ आणि घरचा आगरी मसाला लावून दुपारपासून ठेवलं होतं. मांडीला आणि छातीला खोल चिरा दिल्या होत्या, म्हणजे उष्णता हाडापर्यंत पोचते. ती केळीच्या पानात गुंडाळून दोऱ्यानं बांधली आणि बरोबर मधोमध ठेवली. तिच्याभोवती पुन्हा शेंगा, शेंगांच्या आत खुपसून अंडी. अंडं मडक्याच्या भिंतीला टेकलं तर फुटतं, हे भरणाऱ्या पोराला दोनदा सांगितलं गेलं. वर आणखी शेंगा, मीठ, ओवा, आणि शेवटी तोंडाशी भांबुर्डा असा ठासून भरला की मडकं उलटं केलं तरी एक शेंग खाली येऊ नये.

मग मडकं पालथं. जमीन आधीच झाडून सपाट केली होती. भोवती गोवऱ्यांची उतरंड रचली, फटींत सुकं गवत आणि पालापाचोळा, वरून काटक्या. जाळ एका बाजूनं लावला नाही, चार जणांनी चार बाजूंनी लावला. वाऱ्याच्या दिशेला एकानं पत्रा धरला. पहिली दहा मिनिटं ज्वाळा मोठ्या, नंतर गोवऱ्यांची आच स्थिर होते आणि खरं शिजणं तेव्हा होतं. मधे कुणी काही उघडत नाही, उघडता येतच नाही. आत काय चाललंय हे कळायची एकच खूण. काकांनी ओंजळीत पाणी घेतलं, शेजारच्या तरुणाला म्हणाले, “बाला, शिंपड जरा.” थेंब मडक्यावर पडले ते चर्र करून क्षणात उडाले. “झाली. काढा.”

मडकं लाकडांनी ढकलून राखेबाहेर आणलं आणि गोणपाटानं धरून सरळ केलं. तोंडाचा पाला काढल्याबरोबर जो वास आला त्यात भांबुर्डा होता, भाजलेली साल होती, ओवा होता आणि कोंबडीच्या मसाल्याचा एक धागा सगळ्यांतून गेलेला होता. सगळं केळीच्या पानांवर ओतलं. शेंग दातात धरून ओढायची, दाणे तोंडात, साल बाहेर. अंड्याच्या पांढऱ्यावर हलका तपकिरी डाग पडलेला असतो आणि त्याला धुराची चव असते. अलिबागचा पांढरा कांदा सोबत होता. कोंबडी सर्वांत शेवटी सोडली गेली, आणि खरं सांगायचं तर ती पाहुण्यासाठी. गावातली माणसं शेंगांभोवती बसली होती.

हे शिजतं कसं, यावर मी बराच विचार केला आहे, कारण मडकं पालथं ठेवण्यात मोठी समज आहे. सरळ मडक्यात वाफ वर जाते आणि झाकणाच्या फटीतून निघून जाते. पालथ्या मडक्यात वाफ वर चढून बुडाशी अडकते, तिथून सुटायला वाटच नसते. शेंगांमधलं पाणी आणि कोंबडीचा रस हीच वाफ. जे थंड होऊन ओघळतं ते खाली तोंडाशी पाल्यात मुरतं, पाला ओला राहतो आणि ओला आहे तोवर जळत नाही. जमिनीच्या बाजूला आच सगळ्यात कमी असते, म्हणून हे हिरवं बूच शेवटपर्यंत टिकतं. आतला ओलावा संपत नाही तोवर मधल्या भागाचं तापमान 100 अंशांच्या आसपास राहतं, भिंतीलगत मात्र ते पुष्कळ वर जातं. म्हणून एकाच मडक्यातल्या काही शेंगा वाफवलेल्या आणि काही भाजलेल्या निघतात, आणि खाणारे दोन्ही शोधत असतात. बाहेर उडालेला थेंब सांगतो की मातीची भिंत सगळीकडून सारखी तापली आहे.

चारी बाजूंनी आच आणि बंद भांडं, एवढ्या दोन गोष्टींवर जगातलं कितीतरी अन्न उभं आहे. युरोपातल्या घरांत थंडीच्या दिवसांत गोमांसाचे मोठे तुकडे कांदा, गाजर, थोडा रस्सा यांच्याबरोबर जाड बिडाच्या झाकणबंद भांड्यात घालून भट्टीत ठेवतात, दीडशे अंशांवर अडीच-तीन तास. चुलीवर आच फक्त बुडाला लागते, भट्टीत ती वरून-खालून-बाजूंनी सारखी लागते, म्हणून तळाला करपत नाही आणि ढवळावं लागत नाही. तिथं वेळ लागतो कारण मांस खांद्याचं किंवा पायाचं, चिवट असतं. त्यातले तंतू हळूहळू विरघळून त्यांचा चिकट रस होईपर्यंत थांबावं लागतं. मोरोक्कोतल्या माराकेश शहरात मांस मातीच्या उभट घड्यात भरून हमामाच्या भट्टीच्या राखेत कित्येक तास पुरून ठेवतात. त्याला तांजिया म्हणतात. पोपटीत कोंबडी कोवळी आणि शेंगाही कोवळ्या, म्हणून तिचं काम पाऊण तासात होतं. जून गावठी कोंबडा घातला तर तो चिवटच निघतो, हे अनुभवी माणसं आधीच सांगतात.

सगळ्यात जवळचं नातं मात्र आपल्याच किनाऱ्यावर वर आहे. दक्षिण गुजरातेत वलसाडच्या बाजूला हिवाळ्यात महामार्गाकडेला उंबाडियू मिळतं: पालथं मडकं, पापडी, रताळी, कंद, पाल्याचा थर, भोवती जाळ. सुरतेचं उंधियूही मुळात असंच मडक्यातलं, आता बहुतेक ते तेलात पातेल्यात होतं. पालघरपासून खाली रायगडपर्यंत आणि वर वलसाड-सुरतेपर्यंत वाल-पापडी, भाताचं शेत आणि हिवाळा हे तिन्ही सारखेच आहेत. माणसांनी वेगवेगळं शोधलं की एकमेकांचं पाहून घेतलं, हे आता सांगता येत नाही, पण हा एकाच शेतीचा स्वयंपाक आहे एवढं नक्की.

शहरातली मंडळी विचारतात, घरी करता येईल का? करता येतं, आणि करावं. घरच्या ओव्हनमध्ये जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं बिडाचं किंवा मातीचं भांडं घ्यावं. मातीचं असेल तर थंड ओव्हनमध्ये ठेवूनच ओव्हन लावावा, नाहीतर तडा जातो. तळाला केळीचं पान. भांबुर्डा मिळाला तर उत्तम, नसेल तर कुंडीतल्या पानओव्याची मूठभर पानं. ती चव भांबुर्ड्याची नसते, पण ओव्याशी जुळते. शेंगा, खडे मीठ, ओवा, छोटे बटाटे अर्धे कापून. कोंबडीचे मांडीचे तुकडे घ्यावेत, अख्खी कोंबडी नको, आणि ते केळीच्या पानात बांधून मधे. अंडी घालायची तर शेंगांत पुरून. वर पुन्हा पानांचा जाड थर आणि झाकणाच्या कडेला कणकेची वळी, म्हणजे वाफ अडते. 220 अंशांवर सुमारे तासभर. काढल्यावर झाकण न उघडता दहा मिनिटं तसंच राहू द्यावं, मग कोंबडीचा जाड तुकडा हाडाशी चिरून पाहावा, गुलाबी रस आला तर पुन्हा आत. पाणी घालण्याचा मोह आवरावा. ज्यांना शंका असते ते अर्धी वाटी पाणी घालतात आणि मग शेंगा पाणचट होतात. धूर मिळणार नाही, ते मान्य करून खावं. फ्रीजरमधल्या सोललेल्या दाण्यांची पोपटी मात्र करू नये. शेंगेची साल हेच दाण्याचं भांडं आहे. ती गेली की मडक्यात उरतात ते नुसते वाफवलेले दाणे.

पण घरच्या ओव्हनसाठी शेंगा कुठून येणार? पेणच्या आणि रोह्याच्या बाजारातून, म्हणजे पुन्हा त्याच वरकड पट्ट्यातून. या जमिनीकडे गेल्या काही दशकांत सगळ्यांची नजर आहे. रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत आली. पेण तालुक्यात महामुंबई सेझ येणार होतं. तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत, सेझला जमीन द्यायची की नाही यावर 21 सप्टेंबर 2008 रोजी सरकारनं शेतकऱ्यांचं मत घेतलं. लोक रांगा लावून मत द्यायला आले. सेझ झालं नाही, हे या तालुक्याच्या अलीकडच्या इतिहासातलं मोठं प्रकरण आहे. त्यानंतर मोठी संकटं टळली आणि लहान सुरू झाली: दहा गुंठे इथं, वीस गुंठे तिथं, प्लॉट, कुंपण, फार्महाउस, मग शेजारच्याचं शेत बंद. जमीन विकणाऱ्याला दोष देणं मला पटत नाही. ज्या शेतात वर्षाला एक भात आणि गुरांनी खाल्लेला वाल एवढंच निघतं, ते शेत राखण्याचं ओझं त्यानं एकट्यानं का वाहावं?

विरोधाभास असा की त्याच फार्महाउसवर जानेवारीत पोपटीची मागणी सगळ्यात जास्त असते. ही मागणी वाल पेरणाऱ्यापर्यंत पोचली तर तिचा उपयोग आहे. आज शेंगेचा भाव बाजारात दिवसाला ठरतो आणि पोपटीचा भाव रिसॉर्टवर माणशी ठरतो. या दोन्हींमधलं अंतर भरून काढायला फार मोठी योजना लागत नाही. ज्याच्याकडे पाहुणे येतात त्यानं नोव्हेंबरातच गावातल्या चार शेतकऱ्यांशी शेंगांचा भाव ठरवून आगाऊ काही रक्कम द्यावी. असं झालं की पेरणी होते, आणि एकाच शिवारात चौघांनी पेरलं की पाचवाही पेरतो.

उरतो गुरांचा प्रश्न, आणि तो पैशानं सुटत नाही. काही गावांत अजूनही दवंडी देऊन ठरतं की अमुक दिवसापासून गुरं बांधून ठेवायची. जिथं हे पाळलं जातं तिथं वाल आहे, हे मी पाहिलं आहे. मोकाट गुरं कोंडायला कोंडवाडा आणि दंड ही व्यवस्था कायद्यात आहे, पण शेजाऱ्याचं जनावर कोंडवाड्यात घालायला कुणी धजत नाही, म्हणून ती कागदावर राहते. दवंडीला मात्र कुणी नाही म्हणत नाही, कारण ती सगळ्यांवर सारखी पडते. भात पुरतं निघण्याआधी, म्हणजे आत्ता, ग्रामसभेत ही तारीख ठरली तर नोव्हेंबरातली पेरणी वाचते. फेब्रुवारी उजाडल्यावर ठरवून काही उपयोग नाही.